अण्णा सांगतात, शालू लिहिते

माझे यजमान वारल्यावरही तीनेक वर्षं बोलत होते. माझ्याशी नव्हे, पोरीशी. माझ्याशी ते जिवंतपणीही बेतानंच बोलायचे, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

मी विज्ञानाची शिक्षिका. लातूरच्या एका शाळेत मुलांना प्रकाशाचं परावर्तन आणि अन्नाचं पचन शिकवण्यात माझा जन्म गेला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. एकदा वर्गात एका मुलीच्या अंगात आलं, तेव्हा मी तिला लिंबूसरबत पाजून घरी पाठवलं होतं. तेव्हा आता जे सांगणार आहे ते भुताचं नाही, मेंदूचं आहे, आणि त्या मेंदूसाठी विद्यापीठानं केलेल्या एका नियमाचं आहे.

आमचे हे, म्हणजे मन्मथ हालकुडे, गाईडं लिहायचे. ‘हालकुडे यांचे हमखास नागरिकशास्त्र’ आणि त्याची भावंडं. पुस्तक न उघडता पास व्हायची सोय ह्यांनी अर्ध्या मराठवाड्याला करून दिली. शाळेत आम्ही शिक्षक त्या गाईडांना शिव्या घालायचो, आणि प्रश्नपत्रिका काढताना हळूच ड्रॉवरमधून तीच बाहेर काढायचो.

शाल्मली, आमची एकुलती एक, सहावीत असताना मधुमेहानं ह्यांची दृष्टी गेली. नेमका तेव्हाच अभ्यासक्रम बदलला होता आणि प्रकाशक नव्या पुस्तकांसाठी मागे लागला होता. मला शाळा. मग शालू शाळेतून आली की लॅपटॉप घेऊन बसायची आणि हे भिंतीला हात लावत खोलीत फेऱ्या मारत सांगायचे. ‘घे’ म्हणाले की सुरू. त्यांचा एकच दंडक होता: “डोकं मधी घालू नकोस. कानावर पडंल ते लिही. डोकं घातलंस की हात थांबतो.” पोरीचा हात कधी थांबला नाही. ह्यांनी मधेच माझ्या स्वयंपाकावर शेरा मारला तर तोही ती टाइप करायची आणि दोघं खिदळायचे. एका आवृत्तीत पंचायत समितीच्या प्रकरणात ‘या घरात वांग्यात मीठ टाकायची पद्धत नाही’ असं वाक्य तसंच छापून आलं. त्या वर्षी बोर्डाच्या पेपरात दोन-चार मुलांनी ते उत्तरात लिहिल्याचं तपासणाऱ्या बाईंनी मला फोन करून सांगितलं.

शालूला शाळेत स्वतःचा निबंध लिहायचा असला की ती अडायची. तेव्हा हे म्हणायचे, मी सांगतोय असं समज आणि लिही. ती डोळे मिटायची, ऐकायची आणि लिहायची. मार्क चांगले पडायचे, म्हणून मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलं मनात कुणाकुणाचं ऐकून लिहितात, आमची बापाचं ऐकून लिहिते, एवढंच.

ती बी.ए.ला असताना हे गेले. पण तिच्या लिहिण्यातून गेले नाहीत. गोदातीर विद्यापीठात एम.ए.ला गेल्यावर ती सुट्टीत घरी यायची आणि जेवताना सांगायची, आज अण्णा काय काय म्हणाले. प्रकरण सांगता सांगता खोकले, पंख्याचा आवाज फार येतोय म्हणाले, तुझ्या आईला विचार डाळीत आज काय टाकलंय म्हणाले. मला हसू यायचं आणि पोरीचा हेवाही वाटायचा. घरात ह्यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. कशाला करणार? सगळं शालूच उतरवून घेत होती. तो आवाज आता फक्त तिच्या डोक्यात उरला होता, आणि मी ताटावर बसून त्यातला घास-घास मागून घ्यायची.

आता ज्या पट्टीवर तो नियम उभा आहे तिचं सांगते. स्वतःच्या हातानं स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. हात हलवायचा हुकूम सोडताना मेंदू त्या हुकमाची एक नक्कल स्पर्शाच्या केंद्राकडेही धाडतो: आता जे जाणवेल ते आपलंच आहे, लक्ष देऊ नको. बोलण्याचंही तसंच. आपण मनातल्या मनात वाक्य जुळवतो तेव्हासुद्धा जीभ आणि ओठ चालवणारा भाग आधी जागा होतो आणि ऐकण्याच्या केंद्राला आगाऊ निरोप देतो, की येतंय ते घरचंच आहे. बाहेरून कानावर पडलेल्या वाक्याला असा निरोप नसतो. तिथं ऐकणारं केंद्र आधी जागं होतं, बाकीचे मागून. एवढं जुनंच होतं. नवीन झालं ते असं, की कपाळाला बांधायच्या पट्टीत मावतील इतके बारीक संवेदक निघाले आणि कुठला भाग आधी जागा झाला हे वाक्यागणिक मोजता येऊ लागलं. वाक्य घरचं की बाहेरचं, हे पट्टी सांगू लागली.

विद्यापीठांना ती हवीच होती, कारण आधीचे सगळे नियम हरले होते. लिहून देणाऱ्या यंत्रांवर प्रथम बंदी घातली, ती कुणी पाळली नाही. मग चोरी पकडणारी सॉफ्टवेअरं आणली, ती साध्या पोरांना चोर ठरवायची आणि चोरांना पहिला वर्ग द्यायची. मग प्रत्येक प्रबंधासोबत ‘यंत्राची मदत कुठे आणि किती घेतली’ असं प्रतिज्ञापत्र मागितलं, तर मुलं ते प्रतिज्ञापत्रही यंत्राकडूनच लिहून घेऊ लागली. पुढे यंत्र चष्म्यात आलं, मग कानामागच्या हाडाला चिकटवायच्या टिकलीत आलं. समोर बसलेला मुलगा बोलतोय की बोलवला जातोय, हे तोंडी परीक्षेतही कळेना.

गोदातीर विद्यापीठाचा नियम त्या मानानं शहाणा होता, आणि हे मी आजही म्हणते. संदर्भ शोधायला, भाषांतराला, चुका तपासायला यंत्र खुशाल वापरा, फक्त सांगून वापरा. पण प्रबंधाचं शेवटचं प्रकरण, जिथे विद्यार्थ्यानं स्वतःला काय वाटतं ते मांडायचं असतं, ते पट्टी बांधून केंद्रात बसून लिहायचं. त्यातली तीन-चतुर्थांश वाक्यं घरची निघाली पाहिजेत. पट्टीच्या भाषेत त्याला स्वउगम म्हणतात.

शालूचा प्रबंध गाईडांवरच होता: मराठवाड्यातल्या परीक्षा-पुस्तकांनी गावातली मुलं कॉलेजपर्यंत कशी आणली, असा काहीतरी विषय. ती पट्टी बांधून बसली, अण्णांनी ‘घे’ म्हटलं, आणि ती न अडखळता लिहून उठली. पट्टीनं सांगितलं, जेमतेम दहावा भाग घरचा. बाकी सगळं बाहेरून आलेलं.

चौकशी समितीपुढे मलाही बोलावलं होतं. तिघं होते, पण बोलत होत्या त्या डॉ. नीलाक्षी तडवळकर, शालूच्या विभागप्रमुख. बाई कडक होत्या पण वाईट नव्हत्या. शालूच्या कानामागे, दातांत, केसांत आधीच तपासून झालं होतं. काहीही सापडलं नव्हतं.

“तुला कोण सांगत होतं?” त्यांनी विचारलं.

“अण्णा,” शालू म्हणाली. “माझे वडील. ते नाहीत आता.”

खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. लिहिताना कुणी सांगणारा असतो, ही तिच्या लेखी इतकी साधी गोष्ट होती की ती लपवायची असते हेच तिला ठाऊक नव्हतं. समितीला मात्र त्याचा एकच अर्थ लागला. हल्ली गेलेल्या माणसांच्या आवाजाचे बोलके नमुने करून मिळतात, पुष्कळ घरांत आहेत. पोरीनं बापाचा नमुना करून घेतला असणार. मी सांगितलं की नमुना करायला आवाज लागतो आणि आमच्याकडे तो नाही. प्रकाशकाकडे विचारा, नातेवाइकांत विचारा. त्यांनी खरंच विचारलं, आठवडाभर विचारत राहिले, आणि कुठेही काही मिळालं नाही.

मग विद्यापीठाच्या मेंदूतज्ज्ञांनी शालूला तपासलं. त्यांचं म्हणणं मला एका वाक्यात पटलं, कारण ते मला आतून ठाऊकच होतं. लहानपणी वर्षानुवर्षं ऐकून लिहिल्यामुळे तिच्या मेंदूला वाक्य करताना आगाऊ निरोप द्यायची सवयच लागली नव्हती. वाक्य तीच करत होती. पण ते तिच्यापर्यंत पोचायचं ते बापाच्या आवाजात, बाहेरून आल्यासारखं.

मला वाटलं, सुटलो. पण डॉ. तडवळकर म्हणाल्या, त्यांचा शालूवर पूर्ण विश्वास आहे, पण नियमात विश्वासाला जागा नाही. पुढच्या आठवड्यात आणखी चाळीस मुलं येऊन सांगतील की आम्हालाही आजोबा सांगतात, मग कुणाच्या आजोबांना खरं मानायचं? त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, ‘सहाय्यित’ शिक्क्याची पदवी घ्यायची. ती घेतली की पीएच.डी. नाही, कॉलेजात शिकवायची नोकरी नाही. शालूला लहानपणापासून दुसरं काही व्हायचं नव्हतं. दुसरी वाट प्रशिक्षणाची. यंत्राचं ऐकून ऐकून ज्यांच्या डोक्यात यंत्रच बोलू लागलं होतं, अशा मुलांसाठी विद्यापीठानं वर्ग काढला होता. पट्टी बांधून लिहायचं. वाक्य बाहेरून आल्यासारखं आलं की पट्टी थरथरते. थांबायचं, जीभ हलवायची, तेच वाक्य पुन्हा आपण करायचं. मेंदू हळूहळू आगाऊ निरोप द्यायला शिकतो.

“आणि आवाजाचं काय होतं?” मी विचारलं.

“कुठे जात नाही,” मेंदूतज्ज्ञ म्हणाले. “फक्त तो आपलाच आहे, हे तिला कळू लागेल.”

त्या माणसाला वाटलं, तो मला धीर देतोय.

शालू घरी आली ती ठरवूनच. शिक्का घेते म्हणाली. खासगी क्लास काढीन, नाहीतर काहीही करीन, पण अण्णांना घालवणार नाही. मी तिला समजावलं, रागावले, जेवायची थांबले. एकीकडे तिला म्हणत होते, बाई, तुझं सगळं आयुष्य पुढे आहे. आणि दुसरीकडे जीव खाली-वर होत होता, की ती खरंच हो म्हणाली तर माझ्या ताटातला घास जाईल. आई म्हणून मी जे बोलत होते ते बायको म्हणून मला नको होतं.

शेवटी मीच म्हणाले, त्यांनाच विचार.

तिला ते आवडलं नाही. अण्णा फक्त लिहायचं सांगतात, सल्ला देत नाहीत, असं म्हणाली. पण मी प्रश्न घातला, परीक्षेत घालतात तसा: विद्यार्थ्याने कोणता मार्ग निवडावा ते सकारण स्पष्ट करा. ती वही घेऊन बसली. डोळे मिटले. पेन चालू झालं. दोनच ओळी झाल्या आणि ती थांबली. मी वही ओढून घेतली. लिहिलं होतं, परीक्षकाला जे हवं ते पेपरात द्यावं आणि पास व्हावं. आपलं ते घरी ठेवावं.

हे तर ह्यांचंच. जन्मभर ह्यांनी हेच विकलं. मी हसले, आणि पोरीनं तोंड फिरवलं. ते वाक्य तिनंच केलं होतं, हे विज्ञानाच्या बाईला समजत होतं. म्हणजे जायचं तिनंच ठरवलं होतं आणि परवानगी बापाकडून मागून घेतली होती. मी त्यातलं काही बोलले नाही. वही मिटली आणि तिची बॅग भरायला लागले.

वर्गात तिच्याबरोबर पाच-सहा मुलं होती. परभणीचा एक मुलगा होता, तो स्वतःचं पहिलं वाक्य झालं तेव्हा उठून नाचला म्हणे. त्याच्यासाठी ती सुटका होती. इतक्या वर्षांनी डोक्यात शांत झालं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. शालू त्याच्याकडे बघत बसायची.

ती रोज फोन करायची. आधी आधी सांगायची, अण्णा आज चिडले, पट्टी थरथरली की बोलणं मधेच तोडतात आणि ‘काय कटकट लावलीय’ म्हणतात. मला ते ऐकून बरं वाटायचं. मग ते हळू बोलायला लागले. मग प्रकरण सांगायचे थांबले, नुसते शेरे मारायचे. नंतर नुसतं ‘घे’ म्हणायचे आणि पुढे काही नाही, पुढचं तिलाच करावं लागायचं. एकदा मी विचारलं, आज? ती म्हणाली, आज फक्त खाकरले. त्यानंतर मी विचारायचं सोडलं. तिनं सांगायचंही सोडलं. आम्ही हवापाण्याचं बोलायचो, मेसच्या भाजीचं बोलायचो. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत बसायची.

पुन्हा परीक्षा झाली. स्वउगम पाऊणच्या बराच वर गेला. डॉ. तडवळकरांनी स्वतः मला फोन केला. शेवटचं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं होतं. इतकं जिवंत लिखाण त्यांच्या हातात पुष्कळ वर्षांत आलं नव्हतं, असं म्हणाल्या. पीएच.डी.ला प्रवेश नक्की, वर शिष्यवृत्ती. मी त्यांचे आभार मानले, आणि ते मनापासून मानले. बाईंनी पोरीचं वाईट केलं असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

शालू पदवी घेऊन घरी आली. मी तिच्या आवडीच्या शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. दुपारचं जेवण झालं, भांडी आवरली, आणि मला राहवलं नाही. म्हणाले, पट्टी तर नाही आता. एकदा बसून बघ ना. माझ्यासाठी.

ती टेबलाशी बसली. मी प्रश्न घातला, ग्रामपंचायतीची कामं. ती लिहायला लागली. डोळे मिटले नाहीत. हात मात्र तसाच धावत होता, कुठे खाडाखोड नाही. पान भरल्यावर तिनं ते मला वाचून दाखवलं. पहिल्या दोन ओळींतच मला ह्यांची चाल ऐकू आली. तीच छोटी वाक्यं, तोच खोचक शेवट, सरपंचावर मारलेला तो टोमणा. आणि दिवाबत्तीची सोय सांगता सांगता मधेच एक ओळ आली, की पोळ्यांत वेलदोडा जास्त झालाय पण बोलायची सोय नाही. मी टाळी वाजवली. आहेत, मी म्हणाले, शालू, हे आहेत गं अजून, कुठे गेले नाहीत.

“आई,” ती म्हणाली, “हे मी लिहिलंय.”

“अगं, पण बोलणं त्यांचंच आहे.”

“मी लिहिलंय. प्रत्येक वाक्य येण्याआधी मला कळत होतं की आता मी ते करणार. वेलदोड्याचं पण मलाच सुचलं. तू हसशील म्हणून.” ती कागदाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे आधीचं पण सगळं मीच. डाळीचं, पंख्याचं. खोकणं पण. ते कधी आलेच नव्हते.”

तसं नसतं बाळा, असं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं. पण शाळेत जन्मभर जे शिकवलं त्याच्या विरुद्ध बोलायला जीभ वळेना.

“अण्णांना नेलं तेव्हा मी रडले होते का?” तिनं विचारलं.

नव्हती. सगळ्या सोयऱ्यांनी तेव्हा बोट ठेवलं होतं, पोरगी बापाला मूठमाती देऊन आली आणि संध्याकाळी अभ्यासाला बसली म्हणून. तिच्या काकांना वाटलं धक्का बसलाय. धक्का कसला? त्याच संध्याकाळी तिनं लॅपटॉप उघडला होता आणि ह्यांनी ‘घे’ म्हटलं होतं.

“नाही,” मी म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं. मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला की मी घाबरले. टेबलावर डोकं टेकून ती ओरडून रडायला लागली, अण्णा, अण्णा म्हणत, नुकतंच घरातून नेल्यासारखी. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिला आवरेना. मलाही आवरेना. ह्यांच्या वेळी मी रडले होते ते चारचौघांत, पदर सावरत, पाहुण्यांचा चहा बघत. आज घरात आम्ही दोघीच होतो.

आवाज बाहेर गेला. दार लोटून शेजारच्या मेनकुदळे काकू आल्या. आमच्या घराचा सगळा इतिहास त्यांना पाठ. ह्यांना नेलं त्या दिवशी आमच्या चुलीवर भात त्यांनीच टाकला होता. उंबऱ्यातच थांबल्या आणि घाबऱ्याघुबऱ्या मला म्हणाल्या, “काय झालं हो बाई? कोण गेलं?”

मी म्हणाले, “शालूचे वडील गेले.”

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. चप्पल काढून आत आल्या, शालूशेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.